अस्वल, रॉकेट की खोकणारे आजोबा?

शनिवार, १२ जुलै

ज्याच्या तोंडात नळी आहे त्याच्याशी वाद घालायचा नसतो, हे दातांच्या डॉक्टरांना कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं!

सकाळी ताईंच्या खुर्चीत आडवा झालो होतो. ताई म्हणजे हिची मोठी बहीण. खाली त्यांचा दवाखाना, वर घर, आणि त्या वरच्या घरात सध्या आम्ही तिघं – मी, ही आणि आमची सहा वर्षांची भिंगरी. जुनं नाटक बंद पडलं, नव्याच्या तालमी चालू आहेत (नायिका हीच), दौरा निघणार सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला. तोवर मुक्काम ताईंकडे. आम्ही त्यांचं खातोय आणि त्या माझ्या दाढांवर हात साफ करून घेतायत.

गालात कापूस, जिभेखाली नळी, आणि ताईंनी विषय काढला. पोरगी सहाची झाली, अजून वाचता येत नाही. शाळेत घातलं नाहीत, म्हणालात घरीच शिकवू – पण तुमचं घर आहे कुठे? आज या गावच्या लॉजवर, उद्या त्या गावच्या. मी म्हणालो, ‘आँ.’ म्हणजे मला म्हणायचं होतं, अहो, ती जग बघतेय! तिला तीन नाटकं तोंडपाठ आहेत. नेपथ्यवाल्या सुतारकाकांनी तिला सरळ खिळा ठोकायला शिकवलंय. कपड्यांच्या पेटीवर बसून बेरजा करते. पण नळी! ताईंनी ‘आँ’ म्हणजे होकार धरला.

तर माझ्या होकाराने ठरलं ते असं – दौरा निघायच्या आधी ताई एक नवंकोरं पुस्तक आणणार. भिंगरीने त्यातलं एक पान वाचून दाखवायचं. वाचलं तर आमच्याबरोबर येईल. नाही वाचलं तर ताईंकडे राहील आणि इथल्या शाळेत जाईल.

वर येऊन हिला सांगितलं. वाटलं, बहिणीवर उखडेल. ही कपाळाची बट मागे सारत म्हणाली, ताई काही खोटं बोलत नाहीये. शेवटी बहिणी त्या बहिणी!

भिंगरीशिवाय दौरा म्हणजे काय, याचा विचार करून बघितला. नाही करवला.

रविवार, १३ जुलै

लहान मुलांना घरबसल्या वाचायला शिकवणारे ऑनलाइन कार्यक्रम शोधायला बसलो. अबब! केवढा बाजार भरलाय. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एक हसणारं मूल आणि शेजारी त्याची त्याहून जास्त हसणारी आई. बाप कुठेच नाही. बाप बहुतेक फोटो काढतोय.

ताईंनी जाता जाता डोकावलं. मला वाटलं, काही मार्गदर्शन करतील. म्हणाल्या, ‘या मुलाचा वरचा सुळा हलतोय, बघा.’

सगळेच पहिला आठवडा फुकट देतात. एकेक करून बघायचं ठरवलं. उद्यापासून अस्वल.

सोमवार, १४ जुलै

अस्वल फार गोड आहे. अक्षर दाखवतं, चार चित्रं दाखवतं, बरोबर चित्रावर बोट ठेवलं की टाळ्या वाजवतं. चुकलं की ‘अरेरे! पुन्हा बघूया हं’ म्हणत धपकन मागे पडतं, पाय वर.

भिंगरीने पहिली दोन बरोबर दिली. तिसरं चुकलं. अस्वल पडलं. भिंगरी हसून हसून खुर्चीवरून घसरली.

बुधवार, १६ जुलै

अस्वल दिवसभर पडतंय. एकही उत्तर बरोबर नाही! मी म्हटलं, अगं, हा ‘म’ तुला काल येत होता. म्हणाली, येतो की. पण मग ते पडत नाही ना!

संध्याकाळी अस्वलाच्या कंपनीकडून निरोप आला – आपल्या पाल्याला अधिक मदतीची गरज आहे. मी तो वाचून दाखवला तेव्हा हिने मुलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, नक्की कुठल्या पाल्याला?

अस्वल बाद.

शनिवार, १९ जुलै

रॉकेट! रॉकेट झकास आहे. पडद्यावर शब्द येतो, मुलाने तो मोठ्याने वाचायचा, रॉकेट कान देऊन ऐकतं. बरोबर वाचला की टाकीत इंधन पडतं. चुकलं तर कोणी पडत नाही, काही नाही, रॉकेट नुसतं उभं राहतं. म्हणजे चुकण्यात काडीची मजा नाही. हे मी आधीच ताडलं होतं.

आज भिंगरीने ओळीने आठ शब्द वाचले. मी शेजारी बसलो होतो. घर. मगर. नळ. पहिल्याच दिवशी! प्रत्येक शब्दाआधी मान वळवून माझ्याकडे बघते, मग वाचते. बापावर केवढा जीव पोरीचा!

सोमवार, २१ जुलै

चंद्रावर पोचलो.

मंगळवार, २२ जुलै

आज ‘काना’ झाला, ‘वेलांटी’ झाली. पडद्यावर ‘शिडी’ आलं – थांबली, माझ्याकडे बघितलं, ‘शिडी’! मी तर टेबलावर थाप मारली. खालून ताईंनी विचारलं, कोणी पडलं का.

तालमीला गेलो तर कोणाकोणाला सांगू असं झालं होतं. सुतारकाका म्हणाले, पोरगी कोणावर गेलीय? मी म्हटलं, काका, घरचं शिक्षण! आमचा नायक मात्र ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. दुसऱ्या अंकात तो ज्या जागी दरवेळी अडतो तिथेच आजही अडला. मी विंगेत. माझं काम तेच – प्रॉम्प्टर. नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा. प्रेक्षकांना कळता कामा नये, म्हणून ओठ मोठे आणि आवाज छोटा. नायकाशी माझं तर आवाजाशिवायही जमतं. तो नुसता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो, माझे ओठ हलतात, त्याची गाडी पुढे. इतकी वर्षं करतोय की आता मला त्यात काही करावं लागत नाही.

घरी येताना ही म्हणाली, रॉकेट जरा जास्तच जोरात चाललंय, नाही? हिला चांगलं झालेलं बघवतच नाही!

शुक्रवार, २५ जुलै

मंगळावर. कंपनीचा अहवाल आला – ‘आपल्या पाल्याची गती असाधारण आहे.’ ताईंच्या फ्रिजवर लावला. ताईंनी वाचला, चष्मा वर केला, परत वाचला, आणि म्हणाल्या, ‘छान. शेवटी बघूच.’

पूर्ण वर्षाचं रॉकेट घ्यायचं मी नक्की केलंय. ही म्हणते, आठवडा संपू दे. संपायला एकच दिवस राहिलाय, थांबतो.

शनिवार, २६ जुलै

ती दाढ शेवटी काढावीच लागली. ताईंनी भूल दिली, अर्धा चेहरा गेला. खालचा ओठ कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. चहा घेतला तो शर्टने प्यायला.

आणि आजच रॉकेट बिघडलं. आजच! शब्द येतो, भिंगरी माझ्याकडे बघते. बघत राहते. काहीतरीच बोलते. ‘पाणी’ आलं तर म्हणाली ‘बाबा, तुझं तोंड वाकडं दिसतंय.’ रॉकेटने अर्थातच इंधन दिलं नाही. तासभर जमिनीवर उभं.

कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं, तुमचं यंत्र ऐकत नाहीये. त्यांनी उलट विचारलं, पाल्याची झोप पूर्ण होते का? पाल्याची होते, माझी नाही! ओठ बधिर नसता तर फोनच केला असता.

रविवार, २७ जुलै

भूल उतरली. रॉकेट आपोआप दुरुस्त झालं. (फुकटचा आठवडा संपला, तूर्त महिन्याचे पैसे भरले.) मी म्हणत नव्हतो, दोष त्यांच्याकडचाच होता!

सोमवार, २८ जुलै

मला निर्मात्याकडे जावं लागलं म्हणून भिंगरीजवळ ही बसली. परत आलो तर दोघींचे चेहरे पडलेले. एक शब्द नाही! रॉकेट जागचं हललं नाही. मी हिला समजावलं, अगं, शिकवायला हातोटी लागते. सगळ्यांनाच जमतं असं नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

ही पडद्याकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हिचं असं बघणं मला कधीच मानवत नाही.

मंगळवार, २९ जुलै

लिहायलाही लाज वाटते. पण इथे लिहायचं नाही तर कुठे?

सकाळी आम्ही बापलेक रॉकेट उडवत होतो आणि ही दारात उभी राहून बघत होती, आम्हाला पत्ता नाही. अचानक हसायला लागली. साधंसुधं नाही – चौकटीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी विचारलं, काय झालं, तर बोलता येईना. शेवटी कपाटावरचा हातातला आरसा आणून माझ्यासमोर धरला आणि भिंगरीला म्हणाली, चालू दे.

शब्द आला. ‘खिडकी’. भिंगरी थांबली. आणि आरशातला तो गाढव माणूस तोंडाचा एवढा मोठा चंबू करून, आवाज न काढता, स्वच्छ म्हणाला – खि-ड-की!

मी शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं! कोणी अडलं की माझे ओठ आपोआप हलतात. पोरीने मंगळापर्यंतचा सगळा प्रवास माझ्या तोंडाकडे बघून केला. अक्षराकडे बघायची तिला गरजच पडली नाही.

मी विचारलं, भिंगरे, तू मला सांगितलं का नाहीस? तिला प्रश्नच समजला नाही. म्हणाली, ‘मला वाटलं असंच करायचं असतं. हिरोकाका पण तुझ्याकडे बघूनच म्हणतात ना?’

तिने जन्मापासून विंगेत बसून हेच पाहिलंय. मोठी माणसं थांबतात, बाबाकडे बघतात, मग त्यांना शब्द येतो. तिच्या लेखी जगातले सगळे शब्द माझ्याकडून सुटतात.

फ्रिजवरचा अहवाल ताई दवाखान्यात असताना काढला. तेवढं करण्याइतकं तरी डोकं चाललं.

बुधवार, ३० जुलै

ताईंना सगळं कळलंय. (हिने सांगितलं. बहिणी!) जेवताना माझ्यासमोर भाजी ठेवली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणाल्या, ‘वा-ढू-का?’ भिंगरीने लगेच वाचून दाखवलं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आता काय? महिना हातात आणि पोरगी शून्यावर. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. शाळा वाईट नसते, मला कळतं, मीही गेलो होतो. पण दौऱ्याच्या गाडीत ती माझ्या दंडावर डोकं टेकून झोपते, उठल्यावर पहिला प्रश्न ‘आज कुठलं गाव?’ आणि मी सांगतो. ते नसेल तर त्या गाडीत मी काय करू? इतकं साधं आहे माझं म्हणणं. पण ताईंपुढे उभा राहिलो की यातलं एक अक्षर सुचत नाही. मला प्रॉम्प्ट करायला कोणी नाही!

हिने एक नवा कार्यक्रम शोधलाय. बघून माझा विरसच झाला. चित्र नाही, संगीत नाही, प्राणी नाही. पांढरा पडदा, काळं अक्षर. आणि एका आजोबांचा आवाज. कोणीतरी त्यांना घरात बसवून रेकॉर्ड केलेलं असणार, कारण ‘ट’च्या धड्यात ते चक्क खोकतात आणि ‘ढ’च्या धड्यात मागे कुत्रं भुंकतं. मी म्हटलं, हे काय शिकवणार! ही म्हणाली, दोन दिवस बघू. आणि तू खोलीबाहेर.

शनिवार, २ ऑगस्ट

मी खोलीबाहेर.

सोमवार, ४ ऑगस्ट

आजोबा घाई करत नाहीत. अक्षर दाखवतात आणि गप्प बसतात. भिंगरीला येईना, तरी गप्पच. बऱ्याच वेळाने म्हणतात, ‘घाई नाही.’ धडा संपला की टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. नुसतं ‘बरं.’ भिंगरी त्या ‘बरं’साठी जीव टाकते! दिवसभर सगळ्यांना ‘बरं’ म्हणत हिंडते. आज ताईंचा एक पेशंट जिन्यात भेटला, सुजलेला गाल धरून. त्यालाही ‘घाई नाही’ म्हणाली.

हे सगळं मला कसं कळलं? दाराला कान लावून. तिथेच ताईंनी पकडलं. ‘जावईबापू, कानाचे डॉक्टर पलीकडच्या गल्लीत बसतात.’

शनिवार, ९ ऑगस्ट

दाराआडून ऐकलं – ‘क... का... कप... कपाट.’

मी तिथे नव्हतो! ही पण नव्हती. खोलीत कोणी नव्हतं!

जिन्यात जाऊन बसलो आणि स्वतःच्या गुडघ्यावर टाळ्या वाजवल्या. आवाज न करता.

मंगळवार, १२ ऑगस्ट

भिंगरीबरोबर दूध आणायला गेलो. कोपऱ्यावरच्या टपरीपुढे थांबली आणि वरच्या पाटीकडे बघत राहिली. मी मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं, जबडा घट्ट मिटून. मग मागून ऐकू आलं, ‘चा... व्या... बन... वून... मिळ... तील.’ आणि मग माझा हात ओढून, ‘बाबा, हे तर सांगतायत! सगळ्यांना सांगतायत!’

दूध विसरून परत आलो.

रविवार, १७ ऑगस्ट

जोडाक्षरांनी छळ मांडलाय. ‘स्वच्छ’ला अडकली, ‘उष्टं’ला अडकली. मी दाराबाहेर येरझारा घालतोय. जोडाक्षर येईल की काय म्हणून नखं खातोय, माझ्याच परीक्षेला कधी खाल्ली नव्हती. ही म्हणते, तू तालमीला जा बाबा एकदाचा.

आज आजोबांनी ‘बरं’च्या पुढे एक शब्द वापरला. ‘बरं झालं.’ भिंगरी धावत सांगायला आली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

परवा परीक्षा. मला खात्री आहे. गेले तीन दिवस ती साबणाच्या वेष्टणापासून फिनेलच्या बाटलीपर्यंत काय हाताला लागेल ते वाचतेय. गाडीत तिच्यासाठी खिडकीची जागा मी आजच सांगून ठेवली.

रविवार, २४ ऑगस्ट

दवाखाना बंद होता. भिंगरीने हट्ट धरला, मावशीच्या खुर्चीतच बसून वाचणार. ताईंनी खुर्ची वर केली, दिवा तिच्या हातावर वळवला. नवं पुस्तक आणलं होतं, वेष्टण आमच्यासमोर फाडलं. मग ड्रॉवरमधून एक मास्क काढून माझ्या हातात दिला. ‘लावा.’ लावला. ही भिंतीपाशी स्टुलावर, पदराचं टोक मुठीत.

गोष्ट एका कासवाची होती. पहिली ओळ वाचली – अडखळत, पण वाचली. दुसरी वाचली. मी मास्कखाली हसत होतो. तिसऱ्या ओळीत ‘किनारा’ आला.

थांबली.

जोडाक्षर नाही, काही नाही. साधा किनारा! ‘कि’ येतो, ‘ना’ येतो, ‘रा’ येतो. दहा वेळा वाचलेली अक्षरं. ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मास्कखाली माझे ओठ हलले. किनारा, किनारा, किनारा. काय उपयोग?

ताई हळूच म्हणाल्या, ‘पहिलं अक्षर कोणतं, बाळा? घाई नाही.’ चक्क आजोबांचं वाक्य वापरलं त्यांनी. भिंगरीने पुस्तक मिटलं.

‘मला नाही येत, मावशी.’

सोमवार, २५ ऑगस्ट

ताई स्वतःहून म्हणाल्या, घाबरली असेल, आज परत घेऊ. म्हणाल्या, ‘तुमची ताटातूट करायची मला हौस नाही हो, जावईबापू.’ मला त्यांचा राग धरायचा होता, तो पण त्यांनी धरू दिला नाही.

आज वेगळं पुस्तक. मास्क मी न सांगता लावला. भिंगरी पहिल्याच ओळीत अडली.

संपलं.

बुधवार, २७ ऑगस्ट

ही न्हाणीघरात नळ सोडून रडते. मला कळत नाही असं तिला वाटतं. काल तिने विचारलं, आपण दोघांनी वर्षभर काम सोडायचं का? मी म्हटलं, तू मुख्य भूमिकेत आहेस, तू सोडलंस तर गाडीच निघणार नाही. मी सोडतो. तर म्हणाली, तू सोडलंस तर आमचा नायक पहिल्या अंकाच्या पुढे जाणार नाही. तेही खरंच आहे. वीस माणसांची पोटं आहेत या नाटकावर. दोघंही हसलो आणि मग ही परत न्हाणीघरात गेली.

खोकणाऱ्या आजोबांच्या कार्यक्रमावर अभिप्राय लिहायला बसलो होतो. ‘तुमच्यावर विश्वास ठेवला आणि आमचं पोर आमच्यापासून...’ इतकं लिहिलं. मग खोडलं. त्यांनी बिचाऱ्यांनी काय केलं?

गुरुवार, २८ ऑगस्ट

शाळेचं दप्तर आणलं. भिंगरीने स्वतः निवडलं, पाठीवर लावून दुकानभर फिरली. त्याच्या प्रत्येक कप्प्यात काय काय राहील ते मला दोनदा सांगितलं. ताईंनी तिला माडीवरची कोपऱ्यातली खोली दिलीय. तिथे तिने सुतारकाकांच्या हातोडीने स्वतः खिळा ठोकला आणि दप्तर टांगलं. सरळ ठोकला, वाकवला नाही.

इतकी आनंदात आहे पोर! लहान आहे. आम्ही जाणार म्हणजे काय, ते अजून तिच्या लक्षात आलेलं नाही. सोमवारी गाडी सुटताना येईल, आणि मग काय करायचं ते मला सुचत नाहीये.

रविवार, ३१ ऑगस्ट

दुपारी बॅगा भरून झाल्यावर नव्या नाटकाची प्रत घेऊन खिडकीत बसलो. भिंगरी आली आणि माझ्या दंडावर डोकं टेकून बसली. माझं लक्ष कुठलं लागायला? एकाच पानाकडे कितीतरी वेळ नुसता बघत होतो.

‘बाबा, उलट ना पान,’ ती म्हणाली. ‘माझं झालं.’

मी तिच्याकडे बघितलं. तिने हात तोंडावर नेला, पण उशीर झाला होता. मी हळू आवाजात विचारलं, परीक्षेच्या दिवशी येत होतं? तिने मान डोलावली. दोन्ही दिवशी? हो. मग का गं?

माझ्या हातातल्या पानाचा कोपरा ती दुमडत राहिली. मी काहीच सुचवलं नाही, ओठ मिटून बसलो.

मग म्हणाली, ‘इथे सकाळी उठल्यावर तीच भिंत असते. कुठलं गाव, ते विचारावं लागत नाही.’ आणि जरा थांबून, ‘तुम्ही पण याल ना परत, इथेच?’

आतून हिने विचारलं, कोण बोलतंय, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. भिंगरीचं डोकं होतं तसं दंडावर घेतलं आणि पान उलटलं.